भाऊजींनी मोटार सोडली

मोटार सुरू करायला पुढून हँडल मारण्याआधी भाऊजी स्वतःच्या पोटावर हात ठेवायचे. डावा हात, बेंबीच्या जरा वर. डोळे मिटायचे नाहीत, देवाचं नाव घ्यायचे नाहीत. नुसता हात ठेवून क्षणभर उभे राहायचे, मान हलवायचे आणि मग हँडल हातात घ्यायचे. मोटार स्टँडवरच्या लोकांना याची मोठी गंमत वाटायची. कुणी म्हणायचं, सकाळची भाकरी पचली नाही वाटतं. कुणी म्हणायचं, कानडी मुलखातला काहीतरी मंत्र आहे. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, “वैनी, पोटाला इचारतो, हाईस का म्हणून.” मला वाटलं, चेष्टा करतायत. दिरानं वहिनीची चेष्टा करायचीच असते, म्हणून मीही पुढं विचारलं नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, बसवणप्पा. पण सोलापुरात त्यांना या नावानं कुणी ओळखत नव्हतं. गावात त्यांचं नाव ‘वावटळ’. एकोणीसशे तीसच्या पुढची ती चार-पाच वर्षं त्यांच्यापेक्षा जोरात मोटार हाकणारा माणूस या जिल्ह्यात नव्हता, आणि हे मी माझे दीर म्हणून सांगत नाही, ज्यांनी नंतर त्यांच्या तोंडावर थुंकायचं बाकी ठेवलं त्यांनीच सांगितलेलं सांगते.

इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले त्याला कारण आहे. परवा एका लग्नात शेजारी बसलेले एक गृहस्थ मला म्हणाले, “म्हंजे तुमचे दीर ते, भिऊन मोटार सोडलेले?” पुढ्यातली जिलेबी मोडत मोडत म्हणाले, जसं काही हवापाण्याबद्दल बोलतायत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंगतीत होते म्हणून गप्प बसले. आता पंगतीत नाही. आता सगळं सांगते.

तेव्हा सरकारी मोटारी नव्हत्या. खासगी मालकांच्या ‘सर्व्हिस मोटारी’ असायच्या. सोलापूरहून वैरागला दोन जायच्या. एक आमच्या शेटची, ती भाऊजी चालवायचे. दुसरी चाँदभाई नावाच्या ड्रायव्हरची, तिचा मालक निराळा. वैरागच्या बाजारादिवशी दोन्ही एकदम सुटायच्या, आणि जी आधी पोचेल तिला परतीचे उतारू आणि माल. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण वैरागच्या अडतवाल्यांनी एक रीत पाडली होती. आधी पोचलेल्या ड्रायव्हरला बाजाराच्या मधोमध उभा करून फेटा बांधायचा. झालं! धंदा राहिला बाजूला आणि शर्यत झाली. उतारूच उठून उभे राहायचे, पत्रा बडवायचे, “दाब की, दाब!” म्हणून ओरडायचे. ज्यांचा जीव मोटारीत, तेच ओरडायचे. आमच्या घरी फेट्यांची पेटी भरली होती.

आणि हा वावटळ घरात कसा होता म्हणाल, तर अख्ख्या घरात सगळ्यांत सुस्त. चहाची बशी घेऊन बसले की सासूबाईंचं दळण व्हायचं तरी यांचा चहा संपायचा नाही. कडक भाकरीचा एकेक तुकडा शेंगाच्या चटणीत फिरवत बसायचे. मी घाई केली की म्हणायचे, “निधान, वैनी, निधान.” निधान म्हणजे कानडीत सावकाश. मी मैंदर्गीची, मला कानडी कुणी शिकवायची गरज नव्हती, पण वाढून उठायचं केव्हा? सासूबाई म्हणायच्या, “ह्यो मोटारीत बसतो तवा ह्येच्या अंगात दुसरंच कुणीतरी येत असंल बग.”

मोटार ते अनवाणी चालवायचे. उन्हाळ्यात पत्रा तापून पायाला चटके बसायचे, तळव्याला फोड यायचे, मी कोकमतेल चोळून द्यायची. पण चप्पल म्हणून घालायचे नाहीत. “पायात कातडं असलं की मोटार काय म्हणती ते कळत न्हाय,” म्हणायचे. मोटार धुवायचे स्वतः, ब्रेकला हात दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे नाहीत. शर्यतीच्या दिवशी अर्ध्या भाकरीवर निघायचे आणि वाटेत कुणाशी अक्षर बोलायचे नाहीत.

वैरागच्या अलीकडे एक ओढा लागायचा. त्यावर पूल नव्हता, फरशी होती. म्हणजे दगडी बांधलेला, बिनकठड्याचा सपाट रस्ता, एका वेळी एकच मोटार जाईल एवढा. दोन्ही बाजूंना दोन पुरुष खोल खडक. फरशीवर जो आधी चढला तो जिंकला, कारण पुढं वैरागपर्यंत कुणाला मागं टाकायला जागाच नव्हती. त्यामुळं शर्यत खरी त्या फरशीची. दोन्ही मोटारी भरधाव यायच्या आणि शेवटच्या घटकेला एकानं पाय काढायचा. बहुतेक वेळा चाँदभाई काढायचे.

त्या वर्षी चाँदभाईच्या मालकानं मुंबईहून नवी कोरी मोटार आणली. आता वावटळीचं काय खरं नाही, म्हणून गावभर झालं. बाजारादिवशी स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि त्या दिवशी भाऊजींनी त्याच जुन्या मोटारीनं नव्या मोटारीला असं मागं टाकलं, की चाँदभाईंची मोटार फरशीपाशी आली तेव्हा आमची पलीकडचा चढ चढत होती. वैरागच्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. जरीचा फेटा बांधला. सोलापुरात परतल्यावर हलगी लावून नवी पेठेतून मिरवलं, तिथल्या फोटोवाल्यानं दुकानात बोलावून फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. सगळे हसतायत, आणि मधोमध भाऊजी कुणीतरी गेल्यासारखं तोंड करून उभे आहेत. लोक म्हणाले, बघा ऐट!

घरी आले, हातपाय धुतले, सावकाश जेवले. मग फेटा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “अव्वा, झालं. उद्यापास्नं मोटार सोडली.”

सासूबाई म्हणाल्या, “अंग दुकत असंल. चार दिस इसावा घे.”

“चार दिस न्हवं. कायमची.”

आमचे हे गिरणीच्या ऑफिसात कारकून, सगळं रीतसर समजून घेणारे. ते म्हणाले, “अरे, पण आज जिंकलास की!”

“म्हणूनच की,” भाऊजी म्हणाले. “हरलो असतो तर लोकांनीच सोडायला लावली असती. त्यात माझं काय?” आणि ओसरीवर जाऊन पडले. पाच मिनिटांत घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी शेट स्वतः घरी आले. आमच्या बाजेवर बसून त्यांनी आधी गोड गोड केलं. पगार वाढवतो म्हणाले, नवी मोटार घेतो म्हणाले. भाऊजी ऐकत होते. शेवटी शेट म्हणाले, “रं बसू, लोक तुझ्या नावावर बसत्यात मोटारीत. तू उतरलास तर माजी मोटार म्हंजे नुस्ता पत्र्याचा डबा.”

“व्हय मालक,” भाऊजी शांतपणे म्हणाले. “पत्र्याचाच हाय त्यो.”

शेट ताडकन उठले. दारात वळून म्हणाले, “भ्यालास! नव्या मोटारीला भ्यालास तू! काल जिंकलास, उद्या हरशील म्हणून शेपूट घालतुयास!” गल्ली जमली होती, सगळ्यांनी ऐकलं. मी माजघराच्या दारातून भाऊजींकडे बघत होते. एक शब्द बोलावा की माणसानं! नाही. शेटच्या चपला दारात उलट्या पडल्या होत्या, त्या सुलट्या करून दिल्या फक्त.

मग गावाचं तोंड सुटलं. ज्यांनी खांद्यावर नाचवलं त्यांनीच. पानाच्या दुकानापाशी, नळावर, गिरणीच्या फाटकात, जिथं तिथं तेच. वावटळ भ्याली, वावटळीचा भुगा झाला. त्यांचं लग्न ठरत आलं होतं, मुलगी मीच पाहिली होती, छान होती. तिच्या बापानं निरोप धाडला, भित्र्या माणसाला लेक देत नाही म्हणून. जसं काही हा जावई रोज सकाळी उठून त्याच्या लेकीशी शर्यत लावणार होता! भाऊजींचं लग्न मग झालंच नाही. पुढं कधीही नाही.

आणि बांगड्या. एका संध्याकाळी दहा-बारा जण हलगी वाजवत आमच्या दारात आले. ताटात हिरव्या बांगड्या आणि चोळीचा खण. म्हणे वावटळीनं भराव्यात. मला अजून कळलेलं नाही, बांगड्या म्हणजे भित्रेपणाची खूण हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं? या बांगड्या घालून आम्ही बाळंत होतो. या बांगड्या घालून तापलेल्या तव्यावरची भाकरी बोटांनी उलटतो. प्लेगात घर सोडून माळावर राहायची पाळी आली तेव्हा आजारी माणसांपाशी कोण बसलं होतं, हलगीवाले? भाऊजींनी ताट हातात घेतलं, एक बांगडी उजेडाला धरून बघितली आणि म्हणाले, “माल चांगला हाय. वैनी, तुमच्या मापाच्या हायत. भरा की.”

भरल्या! तिथंच, त्या सगळ्यांच्या देखत भरल्या. दुसऱ्या दिवशी मी नवी पेठेत गेले. त्या घोळक्यात जो पुढं होता त्या कापडवाल्याच्याच दुकानात जाऊन बसले, अर्धा तास नऊवार उलगडायला लावले आणि दर वेळी हात त्याच्या नाकापुढं वाजवून “हे नको, दुसरं दाखवा” म्हणाले. एकही घेतलं नाही. घरी आले तेव्हा भाऊजी पोट धरून हसले. मोटार सोडल्यापासून पहिल्यांदा.

त्या दुपारी भाऊजी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी सूप घेऊन समोर बसले आणि म्हटलं, “आता तरी सांगा. मी तुमच्या नावच्या बांगड्या घालून बाजार फिरून आले. मला तरी सांगा.”

त्यांनी हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग म्हणाले, “वैनी, फरशी आली की माझ्या पोटात गोळा यायचा. पैल्या दिवसापास्नं. त्यो आला की पाय आपोआप हलका व्हायचा. किती हलका, ते बी त्योच सांगायचा. मी न्हाय जिंकलो कदी. त्यो गोळा जिंकायचा.”

“मग?”

“त्या दिशी सकाळी हात ठिवला, तर पोट गप. म्हटलं, फरशीला येईल. फरशी आली आन् गेली. काय न्हाय. जशी काय आपल्या गल्लीतनं चाललोय. पाय हलकाच झाला न्हाय, वैनी. मोटार कशी गेली त्ये मला आजबी म्हाईत न्हाय. मागं चौदा माणसं हुती. एक बाई लेकराला पाजत बसली हुती. ह्ये मला वैरागात उतरल्यावर आठवलं.”

मी काय बोलले असेन? लाज वाटते सांगायला. मी म्हटलं, “अहो, मग चांगलंच झालं की! भीती गेली एकदाची!”

भाऊजी हसले. “ह्येच मालक म्हणला असता. म्हणून त्येला सांगितलं न्हाय.”

मी म्हटलं, गावाला सांगते, तोंडं बंद होतील सगळ्यांची. तर एकदम गंभीर झाले. “नगा. ड्रायवर पोटात भ्या घिऊन बसतो म्हटल्यावर चाँदभाईच्या मोटारीत तरी माणसं कशी बसतील? त्येच्या घरात खाणारी तोंडं हायत.” म्हणजे ज्या माणसाला भिऊन सोडली असं गाव म्हणत होतं, त्याच्या भाकरीसाठी हा माणूस गप्प बसला होता. त्यांनी मला शपथ घातली, ती मी पाळली. भाऊजी होते तोवर पाळली. आता मोडते.

यानंतरचं सांगायचं म्हणजे मला माझंच सांगावं लागतं, आणि तिथं गावापेक्षा माझाच मला जास्त राग येतो. मल्लू माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा गडी, मैंदर्गीहून मोटार शिकायला आमच्याकडे येऊन राहिला होता. भाऊजींनी मोटार सोडायच्या आधी त्याला वर्षभर शिकवलं. पहिले दोन महिने तर नुसती मोटार थांबवायलाच लावली. इथं थांबव, तिथं थांबव, या दगडाला चाक लागलं नाही पाहिजे. मल्लू वैतागायचा. “अक्का, अण्णा मला चालवायला कवा शिकवणार?” पण शिकला, आणि चांगला शिकला. हात देखणा होता त्याचा.

शेटनं भाऊजींच्या जागी मल्लूला बोलावलं. शर्यतीच्या मोटारीवर, आपल्या नावानं! मला आनंदानं काय करू आणि काय नको झालं. माहेरी कुणाच्या डोक्याला कधी फेटा बांधला नव्हता कुणी. मी गूळ वाटला.

भाऊजींनी मल्लूला ओसरीवर बसवून विचारलं, “मल्लू, फरशीवर मी तुला चारदा नेलं. पोटात काय व्हतं तुज्या?”

मल्लूनं छाती ठोकली. “काय होत न्हाय, अण्णा! वाघाचं काळीज हाय माजं. भ्या म्हंजे काय ते मला म्हाईतच न्हाय!”

भाऊजींचा चेहरा उतरला. “मग नगं,” म्हणाले. “साधी मोटार चालव, अक्कलकोटला जा, माल वाहा. ही नगं.”

मल्लू पाय आपटत निघून गेला, आणि मी पुढं झाले. कालपर्यंत त्यांच्यासाठी बांगड्या वाजवत फिरणारी मी. म्हटलं, “तुम्ही सोडली ती सोडली. आता दुसऱ्याचं चांगलं होतंय तर तुमच्या पोटात का दुखतं?”

सगळं मला सांगितलेलं होतं त्यांनी, साऱ्या गावात मला एकटीला. आणि मी ऐकूनसुद्धा काही ऐकलं नव्हतं. भीती नाही म्हणजे ताकद, हेच माझ्याही डोक्यात बसलेलं. गावाला नावं ठेवायला मी मोकळी, पण गाव माझ्यात होतंच की.

बाजारादिवशी सकाळी मी निरांजनाचं ताट घेऊन स्टँडवर गेले. भावाला ओवाळायला! मोठी गर्दी. मल्लू नवा कोट घालून बसला होता. चाँदभाईंची मोटार शेजारी सुरू होऊन थरथरत होती. शेट मल्लूच्या मोटारीला हँडल मारायला माणूस बोलवत होते, आणि हँडल सापडेना. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. भाऊजी अनवाणी चालत आले. हँडल त्यांच्या काखेत होतं. मोटारीच्या पुढ्यात, चाकाला पाठ लावून, धुळीत मांडी घालून बसले. हँडल मांडीवर घेतलं. चालताना घाई नाही, बसताना घाई नाही.

मग जे झालं ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शेटनं शिव्या दिल्या. उतारूंनी दिल्या, बाजार बुडतो म्हणून. कुणी शेण मारलं. हँडल ओढायला गेले तर त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मल्लू उडी मारून खाली उतरला. ज्यांना अण्णा म्हणायचा, ज्यांनी त्याला वर्षभर जेवूखावू घालून शिकवलं, त्यांच्या थोबाडीत मारली. सगळ्या गावासमोर. लोक हसले. हो, हसले! भाऊजींनी गालाला हातसुद्धा लावला नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “वैनी, ताट घरी न्या. ओवाळायचं ते माणूस परत आल्यावर ओवाळत्यात.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भाऊजींसाठी नाही हो. माझ्या भावाची अब्रू गेली म्हणून.

आणि तेवढ्यात शेजारची थरथर थांबली. चाँदभाईंनी आपली मोटार बंद केली होती. खाली उतरले, भाऊजींच्या शेजारी धुळीत येऊन बसले. त्यांचा मालक ओरडायला लागला तसे म्हणाले, “ये आदमी उठ्या तो मैं जाताउँ. नै तो नक्को. बैठने दो.” मग बिडी काढली. अर्धी भाऊजींना दिली. सबंध सोलापुरात त्या माणसाचं पोट ओळखणारा एकच निघाला, आणि तो त्यांचा प्रतिस्पर्धी.

ऊन डोक्यावर आलं. उतारू शिव्याशाप देत पांगले. शेवटी शेट मल्लूवर उलटले, “तुज्या घरचं कुत्रंबी माज्या मोटारीपाशी नगं. चालता हो!” ते ऐकल्यावर भाऊजी उठले. धूळ झटकली आणि हँडल दोन्ही हातांनी शेटपुढं धरलं, विडा द्यावा तसं. चाँदभाई राहिलेल्या बायाबापड्यांना घेऊन सावकाश वैरागला गेले.

मल्लू गिरणीत लागला. कापडाचे साचे चालवत राहिला आयुष्यभर. भाऊजींशी पुन्हा एक अक्षर बोलला नाही. आणि मी? मी त्यांच्या घरात राहून, त्यांच्या ताटात वाढून, वर्षभर बोलले नाही. भाकरी ताटात टाकायची आणि वळायचं. ते जेवून, ताट घासून ठेवून जायचे. एकदाही ‘का’ म्हणाले नाहीत.

वर्षानंतर नात्यातल्या एका लग्नाला आम्ही मोटारीनं वैरागला गेलो. मी पहिल्यांदाच. पावसाळ्यानंतरचे दिवस, चाँदभाईंची मोटार, अगदी हळू. ती फरशी आली. मी बाहेर वाकून बघितलं. चाकापासून हातभर अंतरावर रस्ता संपत होता आणि खाली ते खडक. माझ्या पोटात असा खड्डा पडला की मी समोरच्या बाईचा दंड धरला. आणि तशीच, तिचा दंड धरलेली असताना, माझ्या मनात आलं, इथं मल्लूला काहीच झालं नसतं. काहीच. भरधाव आला असता आणि त्याच्या पोटानं त्याला एक शब्द सांगितला नसता. लग्नात मी काय जेवले ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर भाऊजींना वाढलं आणि तिथंच बसले. “भाऊजी, चटणी घ्या,” म्हटलं. वर्षानं. आणि रडू आलं. ते म्हणाले, “फरशी बगितलीसा वाटतं.” आणि चटणी घेतली.

शर्यत पुढं कुणाच्या शहाणपणानं बंद झाली नाही. मोटारींना सुटायच्या वेळा ठरवून दिल्या, एक सकाळी, एक दुपारी, तेव्हा आपोआप मिटली. फरशीवरून कुणी पडलं नाही. आणि हेच भाऊजींना भोवलं! मल्लू गेला असता, चौदा माणसं त्या खडकावर गेली असती, तर याच लोकांनी “बसवणप्पा सांगत होता बरं का” म्हणून हळहळत त्यांच्या पाया पडायचं बाकी ठेवलं नसतं. प्रेत दाखवल्याशिवाय या माणसांना काही पटत नाही. भाऊजींनी प्रेत पडू दिलं नाही, म्हणून ते भित्रे. काय म्हणावं याला? मला शब्द सापडत नाही, आणि मी काही शब्दांची गरीब नाही.

भाऊजी पुढं, चाँदभाईंनी स्वतःची शेड काढल्यावर, तिथं मोटारी दुरुस्त करायचे, नव्या ड्रायव्हरांना शिकवायचे. नवा माणूस आला की त्याला आधी थांबवायला शिकवायचे. पन्नाशीसुद्धा गाठली नाही त्यांनी. काविळीनं गेले, पंधरा दिवसांत.

आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात, आणि बायकाही जातात. मी गेले. चाँदभाई आले होते, पोरासारखे रडत होते. म्हातारे शेटही आले. बेलाची पानं वाहून झाल्यावर माणसांत उभे राहून म्हणाले, “डायवर सोन्यासारका हुता. भ्याला नसता तर…” मी त्यांच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथंच गिळलं.

मल्लूही आला होता. गिरणीतली माणसं आली म्हणून आला. सगळ्यात मागं उभा, कपाळाला आठ्या. त्याच्या कडेवर त्याचा धाकटा होता, बापाच्या मिशा ओढत होता, आणि दोघी पोरी त्याचं धोतर धरून उभ्या. एकेक जण पुढं होऊन मूठभर माती टाकत होता. त्याची पाळी आली तसा तो जागचा हलला नाही. मी हाक मारली, “मल्लू.” तो म्हणाला, “मी माती देणार न्हाय, अक्का. त्या माणसानं माज्या जन्माचं वाटोळं केलं.” आणि कडेवरचं पोर सावरत, पोरींची बोटं धरून, तरातरा निघून गेला.

मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. धावत जाऊन त्याच्याही एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. बाप आणि तीन पोरं, चार जित्याजागत्या माणसांची ती पाठ वळणाआड गेली, मग मी खाली वाकले आणि दोन मुठी माती टाकली. एक माझी, आणि एक त्याची.